प्रश्नांची वेळ परत द्या : सोलापुरातल्या एका जुन्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीला (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीला) खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद,

सलाम आणि नमस्कार.

फाटकाजवळच्या फलकावर लावलेली तीन ओळींची सूचना वाचली. वास्तूची अवस्था, आवाजाच्या तक्रारी आणि कायदेशीर अडचणी यांमुळे दर महिन्याचं सार्वजनिक व्याख्यान पुढील सूचनेपर्यंत बंद. वर्षातून एक व्याख्यान नाताळच्या आठवड्यात होईल, त्यात प्रश्नोत्तरं असणार नाहीत. खाली सही आहे, शिक्का आहे. कोणाला भेटायचं, ते मात्र नाही. म्हणून हे पत्र उघड लिहावं लागतंय.

लिहिणाऱ्यांपैकी काहीजण मंडळीचे, म्हणजे या चर्चचे, सभासद आहेत, काहीजण नाहीत. बाकं सरकवणं, माइक बसवणं, चिठ्ठ्या गोळा करणं, तेलुगू आणि कन्नडमध्ये शेजारच्याला समजावून सांगणं ही कामं आमच्याकडे होती. त्यामुळे सूचनेतल्या तिन्ही कारणांत खरं किती आणि दुरुस्त होण्यासारखं किती, याचा आम्हाला अंदाज आहे. बरंचसं खरं आहे आणि जवळजवळ सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी आवाजाचं, कारण त्यावर सगळ्यांत कमी विचार झालेला दिसतो.

'मागे काही कळत नाही, नुसता घुमतो' ही श्रोत्यांची तक्रार रास्त आहे. पण त्यावर दर वेळी उपाय एकच झाला : आवाज वाढवा. उंच छत, दगड-चुन्याच्या भिंती आणि शहाबादी फरशी असलेल्या वास्तूत आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. 'ओ', 'आ' असे स्वर रेंगाळतात आणि पुढच्या शब्दातला 'त', 'क', 'स' त्यांच्याखाली गाडला जातो. भजनाला हे घुमणं शोभतं, भाषणाला मारक ठरतं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये रिकाम्या वेळी आवाज दहा सेकंदांहून जास्त रेंगाळतो आणि तिथेही व्याख्यानं होतात, तेव्हा आपल्या चर्चचं दुखणं काही असाध्य नाही.

हिशेब असा. २४ मीटर लांब, ११ मीटर रुंद, सरासरी ८ मीटर उंच वास्तू धरा. घनफळ झालं २,११२ घनमीटर. त्याला ०.१६१ ने गुणून आतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागलं की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. रिकाम्या वास्तूचं शोषण १०० चौरस मीटर धरलं, तर ३.४ सेकंद. बसलेला माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषतो; दीडशे माणसं आली की २ सेकंद, साठच आली तर २.७. भाषण नीट कळायला एक-सव्वा सेकंद चांगला, दीडपर्यंत निभावतं.

आता सोलापूरकरांनी हा प्रश्न कशाने सोडवावा? चादरीने. जाड सुती जेकार्ड चादर, अंदाजे दीड मीटर बाय सव्वादोन मीटर. अशा चोवीस चादरी मागच्या भिंतीवर आणि बाजूच्या दोन्ही भिंतींच्या मागच्या भागात टांगायच्या. भिंतीला चिकटवून नव्हे. चिकटलेलं कापड फक्त बारीक, टोकदार आवाज खातं आणि घुमणारा भाग तसाच राहतो. लोखंडी पाइप भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे घ्यायचा आणि चादर ताणून न लावता चुण्या पाडून सोडायची. यातून ४० चौरस मीटरच्या आसपास शोषण मिळतं, म्हणजे चोवीस चादरी नव्वद माणसांचं काम करतात. दीडशे श्रोत्यांसह आकडा १.६ वर येतो. साठच श्रोते असले तरी २ वर. रविवारी उपासनेला गाणं भरघोस हवं असेल तर चादरी पडद्यासारख्या एका बाजूला सरकवायच्या. मेणबत्त्यांपासून त्या निदान दोन मीटर लांब ठेवायच्या आणि दारापाशी अग्निशामक सिलिंडर ठेवायचा, एवढं पथ्य पाळावं लागेल.

उरलेलं काम स्पीकरच्या जागेचं. पुढे ठेवलेले दोन मोठे डबे काढा. त्यांच्याऐवजी भिंतीलगत चार उभे, अरुंद कॉलम स्पीकर बसवा, श्रोत्यांच्या डोक्याच्या थोडे वर आणि किंचित खाली झुकलेले. छताकडे आवाज जितका कमी जाईल तितका बरा. मागची जोडी पुढच्या जोडीपासून १२ मीटरवर असेल तर पुढचा आवाज तिथे पोचायला ३५ मिलिसेकंद लागतात. मागच्या जोडीला ४५ मिलिसेकंदांचा विलंब द्या, म्हणजे आवाज वक्त्याकडूनच आल्यासारखा वाटतो. तो विलंब न देता मागे स्पीकर लावले तर मागच्या बाकांवर शब्द दोनदा ऐकू येऊ शकतो. माइक ओठांपासून एक वीत आणि स्पीकरच्या मागे. स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजणारच. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय : पुढची बाकं भरेपर्यंत मागच्या दहा बाकांना दोरी लावा. आपल्याकडे माणूस कार्यक्रमाला आला की आधी दाराजवळची जागा धरतो, मग पुढे मोकळं आणि मागे गर्दी.

शेजाऱ्यांची तक्रार वेगळी आहे आणि तीही खरी आहे. ती दारावरच्या बाहेरच्या कर्ण्याबद्दल होती. तो कर्णा काढून टाका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. बंदिस्त वास्तूत, आतल्या माणसांपुरता, साडेसहा ते साडेआठ चाललेल्या कार्यक्रमाला, परवानगी घेतली की, यातलं काही आडवं येत नाही. दारं रस्त्याच्या बाजूची लावायची, अंगणाच्या बाजूची उघडी ठेवायची.

वास्तूबद्दल मात्र आम्ही तुमच्या बाजूने आहोत. उत्तरेच्या भिंतीचा गिलावा पापुद्रे धरून पडतोय, खाली बसलेल्याच्या डोक्यावर एखादा तुकडा पडायचा. पण कारण ओळखल्याशिवाय पुन्हा सिमेंटच फासलं, तर दोन पावसाळ्यांत तेच होईल. जुनी भिंत चुन्याची आहे. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळते. वरून सिमेंटचा थर दिला की ओलीला वाट राहत नाही, क्षार थराच्या मागे साचून फुगतात आणि गिलावा पाट्यांसारखा सुटतो. ओलीच्या डागाच्या अर्धा मीटर वरपर्यंत सिमेंट खरवडून काढायचं, भिंत वाळू द्यायची आणि एका भागाला तीन भाग वाळू घेऊन चुन्याचा गिलावा करायचा, पातळ थरांत, रोज पाणी मारून. बाहेरून पन्हळ दुरुस्त करून पावसाचं पाणी पायापासून लांब न्यायचं. कैच्या, रिपा आणि आढ्याची कौलं मे संपण्याआधी तपासायची. पहिल्या वळवानंतर शिडी लावण्यात अर्थ नसतो. वायरिंग परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासून घ्या, अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवा. पंखे, दिवे आणि ध्वनियंत्रणा एकाच जुन्या फेजवर होती, म्हणून ऐन भाषणात फ्यूज उडायचा.

हे काम पावसाळ्यानंतर सुरू केलं तर तीन महिन्यांचं आहे. 'पुढील सूचनेपर्यंत' याला मात्र महिने नसतात. आणि ज्या छताखाली रविवारी तीनशे माणसं बसतात ते शनिवारी दीडशेंना धोकादायक कसं, हेही कोणीतरी सांगायला हवं. धोका असेल तर उपासनाही अंगणात घ्या, आम्ही खुर्च्या लावायला येतो.

'कायदेशीर अडचणी' हे शब्द वाचून कोणालाही धडकी भरेल. सूचनेत कायद्याचं नाव नाही. तोंडी सांगितलं जातं ते १९८८ च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या केंद्रीय कायद्याबद्दल. तो काढून वाचावा, छोटा आहे. धार्मिक जागेचा वापर राजकीय कामासाठी करू नये, तिथे शस्त्रं साठवू नयेत, आरोपीला आसरा देऊ नये, धर्माधर्मांत किंवा भाषाभाषांत तेढ वाढवू नये, असं तो सांगतो. जबाबदारी व्यवस्थापनावर येते, त्यामुळे तुमची भीती समजते. पण तंबाखूच्या भुकटीने विडी कामगार बायकांच्या छातीला काय होतं यावर डॉक्टरांनी बोलणं, किंवा उजनी धरणात पाणी असताना नळाला चार-पाच दिवसांनी का येतं यावर अभियंत्यानं बोलणं, हे यात कुठे बसतं? एका वक्त्याने शेवटी उमेदवाराचं नाव घेतलं, ती चूक होती. आमचीही, कारण माइकचं बटण सूत्रसंचालकाच्या हाताशी नव्हतं. ते बटण टेबलावर घ्या. वक्त्याकडून एक पानी लेखी हमी घ्या : पक्ष, उमेदवार, मत यांचा उल्लेख नाही, कोणत्याही धर्माची किंवा जातीची नालस्ती नाही. आचारसंहितेच्या काळात कोणताही पदाधिकारी वक्ता म्हणून नको आणि पाहुणा म्हणूनही नको.

वेदीजवळच्या मेजावर पाण्याची बाटली आणि कागद ठेवले गेले, त्याबद्दल मंडळीतल्या ज्येष्ठांना वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं. प्रभुभोजनाचं मेज हे सभेचं टेबल नव्हे. वक्त्याचा स्टँड वेदीच्या पायऱ्यांखाली, बाकांच्या पातळीवर घ्या. पायऱ्यांवर दोरी, वेदीवर झाकण, पुलपिटचा (उपदेशाच्या ओट्याचा) वापर नाही. वक्ता श्रोत्यांच्या पातळीवर आला की प्रश्न विचारणाऱ्यालाही बरं पडतं. हार, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, परिचयाचा परिचय हे सगळं काढून टाका. आम्ही घड्याळ लावून पाहिलंय : सत्कारांत पस्तीस-चाळीस मिनिटं जातात आणि मग वेळेअभावी प्रश्न रद्द होतात.

आता फलकावर नसलेलं चौथं कारण. बाहेरची माणसं फार येतात, उद्या कोणीतरी धर्मांतराचा आळ घेईल, अशी कुजबुज आहे. आजचे दिवस पाहता तिला हसण्यावारी नेता येणार नाही. पण आळ टाळायचा तर कार्यक्रम उघडा करावा लागतो. विषय आणि वक्ता पंधरा दिवस आधी फलकावर लावा. त्या संध्याकाळी बाकांवर धर्मप्रसाराची पत्रकं ठेवू नका, श्रोत्यांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ नका, दारातला डबा रविवारच्या अर्पणापासून वेगळा ठेवा आणि त्याचा हिशेब पुढच्या महिन्यात वाचून दाखवा. सगळ्या भाषणाचं आणि प्रश्नोत्तरांचं ध्वनिमुद्रण करून जपून ठेवा. कोणी काही म्हणालं तर ऐकवायला पुरावा तयार.

आणि चर्चने शहराशी बोलणं ही काही आयात केलेली हौस नाही. कॅथेड्रल हा शब्दच खुर्चीवरून आला. 'कॅथेड्रा' म्हणजे आसन, बिशपने ज्यावर बसून शिकवायचं ते. आपलं चर्च कॅथेड्रल नसलं तरी शिकवण्याचं काम त्याच्याकडेही आलेलं आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताचा संदेश सांगायला आपल्या मातीतलं कीर्तनच उचललं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आणि सोलापुराला तर त्याहून जुनी ओळ आहे. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर इथले, सोन्नलिगीचे. परंपरा सांगते की ते कल्याणला (आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला) शरणांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या, मेळ्यात गेले, जिथे अल्लमप्रभू होते, बसवण्णा होते आणि बोलणं कन्नड वचनांतून चालायचं. ज्या गावच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेत अक्षतांच्या जागेला 'संमती कट्टा' म्हणतात, त्या गावात विचारून-बोलून पुढे जाणं नवीन नाही.

बाहेरचं एकच उदाहरण देतो. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जळालं. पडके अवशेष तसेच राखून शेजारी नवं कॅथेड्रल बांधलं, १९६२ मध्ये त्याचं समर्पण झालं आणि शत्रूच्या देशाशी समेट हेच तिथलं काम ठरलं. छप्परच उडालेल्या मंडळीने बोलणं थांबवलं नाही, आपल्याकडे तर फक्त गिलावा पडलाय.

खरी तक्रार पुढे आहे. सूचनेतलं आम्हाला सगळ्यांत लागलेलं वाक्य बंदीचं नाही, 'प्रश्नोत्तरं असणार नाहीत' हे आहे. भाषणं सोलापुरात भरपूर होतात. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, चौकाचौकांत मंडप आहेत. पण ज्याचा कार्यक्रम त्याचाच श्रोता. पूर्व भागातला तेलुगू विणकर, लिंगायत व्यापारी, दखनी बोलणारी विडी कामगार, मंडळीतले शिक्षक हे एका बाकावर बसून एकमेकांसमोर प्रश्न विचारतात, असं नेमाने घडायचं ते आपल्या चर्चमध्ये. ते घडायचं शेवटच्या चाळीस मिनिटांत. तेवढी कापली की उरतो तो आणखी एक सत्कार समारंभ.

प्रश्नोत्तरांत गोंधळ होतो, हेही मान्य. तो होतो कशाने? फिरता माइक ज्याच्या हातात पडतो तो सोडत नाही, प्रश्नाऐवजी दुसरं भाषण होतं आणि मराठी सफाईने न बोलणारा गप्प बसतो. नुसत्या चिठ्ठ्या घेतल्या तर नको ते प्रश्न खिशात जातात असा संशय येतो, आणि तो कधी कधी खरा असतो. यातून निघालेली, चालणारी पद्धत अशी. भाषण पस्तीस मिनिटं. दर दहा मिनिटांनी वक्ता थांबतो आणि तेलुगू, कन्नड, दखनी जाणणारे तिघे आपापल्या आठ-दहा जणांच्या गटाला दोन मिनिटांत सार सांगतात. वाक्यावाक्याला भाषांतर केलं तर भाषण दुप्पट लांबतं आणि सगळेच कंटाळतात. मग पाच मिनिटं शांतता. शेजाऱ्याशी बोला, चिठ्ठी लिहा, कोणत्याही भाषेत. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहू. चिठ्ठ्या दोन माणसं सगळ्यांसमोर उघडतात, एक मंडळीतला, एक बाहेरचा, आणि प्रत्येक चिठ्ठी पूर्ण वाचली जाते. शिवी असेल तर 'यात शिवी आहे' एवढं सांगून बाजूला. माइक फिरवायचा नाही, स्टँडवर एका जागी ठेवायचा. विचारणारा चालत येतो, त्यामुळे विचार करायला चार पावलं मिळतात. विचारायला एक मिनिट, उत्तराला तीन. पहिला प्रश्न बाईचा किंवा विद्यार्थ्याचा. राहिलेले प्रश्न वहीत उतरवायचे आणि पुढच्या महिन्याची सुरुवात त्यांच्या उत्तरांनी करायची. ती वही कपाटात असेल तर कृपया जपून ठेवा. तिच्यात उत्तर न मिळालेली पानं आहेत.

आवारातला छोटा हॉल एका खासगी क्लासला अकरा महिन्यांच्या कराराने द्यायचं चाललंय, असं कानावर आहे. खरं असेल तर जाता जाता एवढंच : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. अकरा महिन्यांचा करार पुन्हा पुन्हा करत राहिलं की जागा कागदावर मंडळीची राहते आणि कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे जाते.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

'पुढील सूचनेपर्यंत' हे शब्द काढून दुरुस्ती सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख लिहा. तोवर व्याख्यानं छोट्या हॉलमध्ये किंवा अंगणात, बिनमाइकची, पन्नास माणसांपुरती चालू ठेवा.

प्रश्नोत्तरं नाहीत, ही अट मागे घ्या. ही मागणी मान्य होणार नसेल तर बाकीच्या मान्य करून उपयोग नाही.

सात जणांची व्याख्यान समिती नेमा : चार मंडळीतले, तीन बाहेरचे, निदान तीन बायका. अंतिम शब्द कमिटीचा राहू द्या, पण नकाराचं कारण लेखी द्या.

वर्षाचं वेळापत्रक एकदाच लावा. रविवार नको, ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि नाताळचा आठवडा नको, जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद असतात ते दिवस नकोत, एप्रिल-मेमध्ये कौलं रात्री आठलाही तापलेली असतात म्हणून ते महिने नकोत.

पायऱ्यांना उतार करा. तीन पायऱ्या, ४५ सेंटिमीटर उंची. एकास बारा या प्रमाणात ५.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद उतार लागतो, दक्षिणेच्या दाराला तेवढी जागा आहे. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी लावा आणि व्याख्यानाच्या दिवशी ते उघडं ठेवा.

चादरी, पाइप आणि ते बसवण्याची मेहनत आमची. गिलाव्याच्या कामाला शनिवार-रविवार दुपारी हात देऊ. स्पीकर विकत घेण्याआधी एका संध्याकाळपुरते भाड्याने आणून ऐकून पाहू. तुम्ही मागच्या बाकावर बसा.

उत्तर पुढच्या मासिक बैठकीनंतर त्याच फलकावर लावावं. नकार असेल तर तोही लावा, कारणासकट.

आपले,
व्याख्यानांचे काही श्रोते आणि स्वयंसेवक
सोलापूर